परक्या तोंडातले सात दिवस

मी तीन दातांची कवळी बोलतेय. वरच्या ओळीतले अगदी समोरचे तीन दात, मागे गुलाबी टाळू आणि दोन्ही बाजूंना शेजारच्या खऱ्या दातांना धरून राहायला तारेचे दोन आकडे. एवढाच माझा देह.

माझा जन्म फिनलंडमधल्या कोइवुसाल्मी गावात, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मागच्या खोलीत झाला. ज्याच्यासाठी झाला त्याचं नाव ओस्मो ह्युत्तिनेन. बर्फावरची हॉकी खेळणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. तो बचावाला असायचा, म्हणजे समोरून सुसाट येणारी रबराची काळी चकती अंगावर झेलायची आणि तक्रार करायची नाही. त्याचे मूळचे तीन दात अशाच एका चकतीनं नेले. बर्फावर पडलेले दिसत होते म्हणे, पण खेळ थांबवून उचलायला सवड कुणाला होती?

मला पहिल्यांदा बसवताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलताय."

"हो," ओस्मो म्हणाला.

तेव्हाच मला तो आवडला.

अकरा वर्षं मी त्याच्या तोंडात सुखानं नांदले. सकाळी कॉफी, लोणी लावलेला काळा पाव, संध्याकाळी माशाचं कालवण. बोलण्याचे कष्ट तर नव्हतेच. ओस्मो दिवसाला फार तर पंधरा शब्द बोले, त्यातले आठ कुत्र्याशी. एकदा त्यानं माझ्या दातांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि माझा एक कोपरा उडाला. तेवढा एकच ओरखडा आमच्या संसाराला.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. एकोणीस वर्षं तो खेळत होता आणि अजिंक्यपदाचा चषक एकदाही त्याच्या हाती लागला नव्हता. तीनदा अंतिम फेरीत हरला. हरला की घरी येऊन मुकाट्यानं लाकडं फोडत बसायचा, इतकी की शेजारपाजारची शेगडीही आमच्याच लाकडांवर चाले. आता तो सदतीस वर्षांचा झाला होता. "हा तुझा शेवटचा हंगाम," असं क्लबनं त्याला स्वच्छ सांगितलं होतं. पोरं त्याला आजोबा म्हणायला लागली होती.

आणि त्या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम फेरीत पोचलो. पाच सामने, तीन जिंकेल त्याचा चषक.

आता काउकोबद्दल सांगायला हवं. काउको म्हणजे संघाचा सामानवाला म्हातारा. स्केट्सना धार लावायची, हातमोजे शिवायचे आणि दात सांभाळायचे. सामन्याआधी खेळाडू कवळ्या काढून ठेवतात, नाहीतर धक्काबुक्कीत गिळायची भीती. आमच्या संघात सात जणांना समोरचे दात नव्हते. काउकोनं अंड्यांचा एक ट्रे घेतला होता. प्रत्येक खळग्यात एक कवळी आणि खळग्याखाली मालकाचं नाव. सामना संपला की तो प्रसाद वाटावा तसा दात वाटत फिरायचा.

पहिला सामना हरलो. दुसराही हरलो. दुसऱ्या पराभवानंतर काउको न्हाणीघरात बाकावर बसून ढसाढसा रडला आणि मांडीवरचा ट्रे खाली पडला. वाफेत चष्म्यावर धुकं. त्यानं चाचपडत आम्हाला गोळा केलं आणि जमतील तशा खळग्यांत भरलं. मी गेले संघातल्या केइयो नावाच्या पोराच्या खळग्यात. केइयोची कवळी ओस्मोच्या.

कुणाला पत्ताच लागला नाही. आमच्या संघात हरल्यावर पुढच्या सामन्यापर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असा दंडक. सहा तासांचा बसचा प्रवास, मग दीड दिवस घरी, सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. ओस्मोला कवळी टोचत होती, पण जबड्यावर कोपर बसलेलं, त्यामुळे जबडाच सरकला असं त्याला वाटलं. आणि दुखतंय म्हणावं तर या वयात प्रशिक्षक बाकावरच बसवणार. केइयो बावीस वर्षांचा, महिन्याभरापूर्वीच दात गमावलेला. त्याला वाटलं, कवळी म्हणजे अशीच डुगडुगते.

तिसरा सामना आम्ही जिंकलो! कपडे बदलायच्या खोलीत दात वाटून झाले, केइयोनं मला तोंडात टाकलं आणि "जिंकलो रे!" म्हणून जो आ वासला, तशी मी उडाले ती थेट ओस्मोच्या मांडीवर.

ओस्मोनं माझा उडालेला कोपरा अंगठ्यानं चाचपला. "ही माझी आहे."

"मग तुमच्या तोंडात काय आहे, आजोबा?"

ओस्मोनं काढून पाहिलं. "तरीच कॉफी गळत होती."

आता घरी जाणार, म्हणून माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात काउको किंचाळला, "खबरदार, हात लावाल तर! गाढवांनो, दोन सामने हरलो तेव्हा दात कुठे होते?"

"आपापल्या तोंडात."

"आणि आज जिंकलो तेव्हा?"

प्रशिक्षक पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "हिशेब चोख आहे."

गोलरक्षकानं शकुन म्हणून शरद ऋतूपासून मोजे धुतले नव्हते. त्यानं तर हातच वर केला, "माझा पाठिंबा."

ओस्मोनं माझ्याकडे पाहिलं. मग मला केइयोच्या हातावर ठेवलं. "झोपताना पाण्यात ठेव तिला. कोमट. गरम नको."

केइयोच्या तोंडात माझे काय हाल झाले म्हणून सांगू! हा पोरगा दिवसभर काळ्या खारट गोळ्या चघळायचा आणि चघळता चघळता बोलायचा. आंघोळीत बोलायचा, झोपेत बोलायचा, समोर कुणी नसलं तर स्केट्सशी बोलायचा. अकरा वर्षांत जेवढी बडबड ऐकली नव्हती तेवढी एका दुपारी केली मी. माझे आकडे ढिले पडले.

तिकडची खबर मला केइयोची कवळी द्यायची, सामन्याच्या वेळी ट्रेमध्ये आम्ही शेजारी-शेजारी असायचो ना. ती म्हणाली, ओस्मो तिच्यातून शीळ घातल्यासारखा बोलतो. बायकोला "सिर्का" अशी हाक मारली की बायकोऐवजी कुत्रा धावत येतो. सिर्काबाई तर भडकल्याच होत्या.

"परक्या पोराचे दात लावून माझ्या टेबलाशी बसतोस, लाज नाही वाटत?"

"शनिवारपर्यंतच."

"शनिवारपर्यंत माझ्या जवळ यायचं नाही, सांगून ठेवते."

"बरं."

मग जरा वेळानं त्याच म्हणाल्या म्हणे, "ओस्मो, जिंकून तरी ये बाबा."

चौथा सामनाही जिंकलो. दोन-दोन. शनिवारी दुपारी परगावी पाचवा सामना, त्यातच सगळा निकाल. आणि माझी मात्र पंचाईत. ओस्मो जिंकत राहिला तर मला त्याच्यापासून दूर ठेवणार. ओस्मो शनिवारपर्यंतच म्हणत होता खरा, पण जिंकलो तर पुढच्या हंगामातही केइयोच मला वापरणार, असं काउको ठरवूनच बसला होता. मी घरी जाणार ती ओस्मो हरला तरच.

पाचवा सामना दोन-दोन गोलांवर अडला. जादा वेळ सुरू झाला, आता जो पहिला गोल करेल तो जिंकेल. काउकोनं ट्रे बाकाच्या टोकाला ठेवला होता, मला बर्फ स्वच्छ दिसत होता. आणि तेव्हा, खरं सांगते, मी मनातल्या मनात म्हणाले, "देवा, हरू दे यांना. एकदाच. मला घरी जाऊ दे."

त्याच क्षणी समोरच्या संघाच्या एका दांडगटानं आमच्या गोलाकडे फटका मारला. गोलरक्षक आडवा पडलेला, जाळं मोकळं. मला वाटलं, ऐकलं देवानं.

ओस्मो मध्ये आला. काठी निसटलेली, हात पोचेनात, म्हणून त्यानं तोंडच पुढे केलं. चकती खाड्कन त्याच्या जबड्यावर बसली आणि उसळून केइयोच्या काठीशी आली. केइयो वाऱ्यासारखा पळाला आणि त्यानं गोल केला.

बाकावरची माणसं किंचाळत बर्फावर उतरली. ओस्मो गुडघ्यांवर बसून रक्त थुंकत होता आणि हसत होता. काउकोनं धावत जाऊन मला त्याच्या तळहातावर ठेवलं. "लाव, लाव! फोटो काढतायत! शकुन गेला उडत, लाव तुझे तू!"

ओस्मोनं मला वर बसवलं. मी खाली पडले. त्यानं पुन्हा बसवलं. पुन्हा पडले. माझे आकडे ज्या दोन दातांना धरून अकरा वर्षं राहिले, ते दोन्ही दात चकतीनं नेले होते. ते घरच राहिलं नव्हतं.

ओस्मोला कळलं. त्यानं मला हातमोज्यात ठेवलं, दुसऱ्या हातानं चषक उचलला आणि बोळक्या तोंडानं इतका हसला की मला त्याच्याकडे बघवेना.

पुढे त्याला वरच्या सगळ्या दातांची नवी कवळी झाली. केइयोला त्याची परत मिळाली. मी आता ओस्मोच्या दिवाणखान्यात, फडताळात, पदकाशेजारी असते. सिर्काबाई मला दर आठवड्याला पुसतात. दर वसंतात अंतिम फेरीआधी संघातली नवी पोरं येतात, एकेक करून मला हात लावतात आणि डोळे मिटतात. ओस्मो दाराशी उभा राहून त्यांना सांगतो. एरवी पंधरा शब्दांत दिवस काढणारा माणूस, हे मात्र न चुकता सांगतो. "त्या दिवशी बाकावर बसून हिनं माझ्यासाठी प्रार्थना केली असणार. नाहीतर ती चकती आत गेली असती."

तुम्ही कधी कोइवुसाल्मीला गेलात, त्याच्याकडे कॉफी प्यायला बसलात आणि त्यानं तुम्हाला ही गोष्ट सांगितली, तर माझी एवढी विनंती ऐका. नुसती मान हलवा.