मामाची सही

ही गोष्ट २०२३ सालच्या ऑगस्टमधली. सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये तोवर मराठी घरं इतकी झाली होती की दिवाळीच्या कार्यक्रमाला शाळेचा हॉल पुरेना. ज्यांनी या भागात एकमेकांपासून सात मैलांवर असलेली दोनच मराठी घरं पाहिली आहेत, त्यांना याचं कौतुक वाटतं. पण त्या दोन घरांत आणि आजच्या दोनशे घरांत एक गोष्ट मात्र तशीच राहिली, आणि तिची चीड आल्याशिवाय राहत नाही.

त्या शनिवारी दुपारी मराठी मंडळाची बैठक अध्यक्षांच्या, म्हणजे विक्रांतच्या घरी होती. तो आयटीतला मॅनेजर, वीस वर्षं इथे असलेला, कुणाचाही फॉर्म भरून देणारा. टेबलावर चहा आणि भाकरवडी होती. विक्रांतचा फोन तिसऱ्यांदा थरथरला. त्याने तो पालथा ठेवला.

"घे रे, ऑफिसचा असेल," खजिनदार हेमचंद्र म्हणाला.

"स्पॅम आहे."

"बरं, साउंड सिस्टिम या वेळी कोण लावणार? तुझा भाचा दिसत नाही हल्ली."

"वेद ना? इंडियाला गेलाय."

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोचा, मंजिरीचा, चहा गाळणारा हात थांबला. आणि जिन्यावर बसलेली त्यांची सोळा वर्षांची चारुता ताडकन उभी राहिली.

"दॅट्स अ लाय, बाबा! ही इज इन डिटेन्शन! आणि आत्ताचा कॉल त्याचाच होता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वेद, विक्रांतच्या बहिणीचा, नाशिकच्या विनीताचा मुलगा. वय तेवीस. स्टुडंट व्हिसावर आलेला. रात्रपाळीहून येताना पोलिसांनी गाडी थांबवली, लायसन्स तपासलं, तर त्याचा व्हिसा एप्रिलमध्येच रद्द झालेला! त्या रात्रीपासून तो इमिग्रेशनच्या कोठडीत, डिटेन्शन सेंटरमध्ये, होता.

"अरे बापरे," हेमचंद्रने कप खाली ठेवला. "विक्रांत, सॉरी टू से, पण आपण सगळे नियमाने आलो. व्हिसाचे पॉइंट मोजून आलो. असल्या मुलांमुळे आपलं नाव खराब होतं. यात मंडळाचं नाव कुठे येता कामा नये हं."

"नाही, नाही. त्याचं त्याने बघावं," विक्रांत घाईने म्हणाला. "मी किती वेळा सांगितलं त्याला, सीरियस राहा म्हणून. बेजबाबदार कार्टं!"

दहा मिनिटांत बैठक उरकली. अर्धे कप तसेच राहिले. मागे राहिल्या फक्त मंडळातल्या शांतामावशी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मंजिरी त्यांना गाडीने घरी सोडायची.

"किती दिवस झाले?" मावशींनी विचारलं.

"अकरा," मंजिरी खाली बघत म्हणाली. "वकीलबाईंचा फोन आला होता. सुटका होऊ शकते म्हणाल्या, बॉन्डवर. दहा हजार डॉलर अनामत, राहायला पक्का पत्ता, आणि त्या घरातल्या माणसाने सही करून हमी घ्यायची. निर्णय होईपर्यंत तो इथेच राहील, पळून जाणार नाही, अशी."

"मग अडलंय कुठे? पैशावर?"

मागच्या अंगणातल्या नव्या लाकडी डेकवर याच्या तिप्पट खर्च झाला होता.

"सहीवर अडलंय, मावशी," मंजिरीच म्हणाली.

"माझ्या आईच्या व्हिसाचा अर्ज चालू आहे!" विक्रांत उसळला. "सरकारी कागदावर माझं नाव असल्या भानगडीत आलं तर? तुम्हाला नाही कळायचं."

"वकिलीणबाईला विचारलंस? आईच्या अर्जाचा याच्याशी संबंध आहे म्हणाली ती?"

"...नाही म्हणाली."

"विनीताला काय सांगितलंस?"

"परीक्षा आहे, फोन बंद ठेवलाय म्हणून."

शांतामावशी उठून उभ्या राहिल्या. "सोमवारी मला घेऊन चल तिकडे. तू नाही भेटलास तर मी भेटेन पोराला."

सोमवारी दुपारी ती तिघं गेली. मंजिरीने डब्यात बेसनाचे लाडू नेले होते. गेटवरच्या माणसाने डबा परत दिला. घरचं चालत नाही, दुकानातलं सीलबंद हवं. मंजिरीला तिथेच रडू फुटलं. चोरी नाही, मारामारी नाही, कुठला गुन्हा नाही, आणि तरी या मुलाला मामीच्या हातचा लाडू खायला बंदी!

वेद आला. दाढी वाढलेली, पायात दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या चपला. तो रागावेल, ओरडेल अशी विक्रांतने तयारी केली होती. वेद शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "मामा, आईला नाही ना सांगितलंस? तिचं बीपी..."

"नाही."

"एक विचारू? ते म्हणतात, मला दोनदा ईमेल पाठवले. कॉलेज बंद पडलं, तुझा प्रवेश संपला, आता तुझं म्हणणं काय, असं विचारलं होतं. मला एकही मेल आला नाही रे. तुला काही आलं होतं का?"

"मला कसे येतील?" विक्रांत म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

कारण चार वर्षांपूर्वी, वेद येणार होता तेव्हा, विक्रांतनेच तर सगळं केलं होतं. आपल्याकडे हे असंच असतं ना? मूल अठरा वर्षांचं झालं, समुद्रापार एकटं निघालं, तरी त्याच्या कागदांना हात मात्र मोठ्यांनी लावायचा. 'तू अभ्यास कर, मी बघतो.' इमिग्रेशनच्या ऑनलाइन खात्यात ईमेल दिला होता मामाचा. फोन नंबर मामाचा. पासवर्डसुद्धा मामाचाच! कॉलेज बंद पडल्यावर वेदने दोनदा विचारलंही होतं, "मामा, काही कळवतील का ते?" आणि मामाने टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं होतं, "आलं की सांगेन."

पार्किंगमध्ये गाडीत बसून विक्रांतने फोन उघडला. तेव्हा दिलेलं ते ईमेलचं खातं तो फारसं बघत नसे. जाहिराती आणि बँकेचे मेल मिळून चार हजारांवर मेल न वाचलेले पडले होते. त्याने वेदचं नाव टाकलं.

दोन पत्रं होती. एक मार्चमधलं: व्हिसा रद्द करण्याचा विचार आहे, मुदतीत उत्तर द्या. दुसरं एप्रिलमधलं: उत्तर आलं नाही, व्हिसा रद्द. दोन्ही ठळक अक्षरांत. न उघडलेली.

"मंजू," तो म्हणाला, आणि फोन तिच्या हातात दिला.

मंजिरीने वाचलं. मग म्हणाली, "तू परवा त्याला सगळ्यांसमोर बेजबाबदार म्हणालास."

"हे कुणाला..." विक्रांतच्या तोंडून निघून गेलं, "हे कुणाला कळायची गरज आहे का? सही करतो मी. पैसे भरतो. पण हे..."

"गरज आहे!" मागच्या सीटवरून शांतामावशींचा आवाज आला. "का उत्तर दिलं नाही, हे लिहून दिल्याशिवाय त्या पोराची बाजू उभी राहणार कशी? त्याने दुर्लक्ष केलं, असंच कागदावर राहील जन्मभर. तुझ्या अब्रूसाठी!"

शांतामावशी सीटवर पुढे सरकल्या.

"एक सांगते. बत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. एक्याण्णव साली आमच्या ह्यांना असंच धरून नेलं होतं. रामदास नाव त्यांचं, फिटर होते; कारखान्याच्या मालकाने त्यांच्या व्हिसाचे कागद पाठवलेच नव्हते. तेव्हाही हमीदार हवा होता. मी पोराला कडेवर घेऊन फिरले. तेव्हा या बाजूला जेवढी मराठी घरं होती, तेवढ्या सगळ्या घरी. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच पाठवलं. आमची जात आठवली एकाला, दुसऱ्याला स्वतःची नोकरी. शेवटी सही कुणी केली? शेजारच्या मारियाने. माल्टाची बाई, माझं इंग्रजी तिला कळेना, तिचं मला. एप्रन घालूनच आली ऑफिसात, पीठ लागलेल्या हातांनी सही केली. त्या कागदावर तिच्या अंगठ्याचा पांढरा ठसा होता. मी आजवर तुमच्या मंडळात भाकऱ्या करायला येते, हसते, बोलते. पण ती दारं मला अजून पाठ आहेत, विक्रांत. तुझं दार त्यात घालायला लावू नकोस मला."

विक्रांतने फोन परत घेतला. हेमचंद्रने शनिवारीच मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं होतं: 'सध्याच्या एका प्रकरणाशी मंडळाचा संबंध नाही, याची नोंद घ्यावी.' खाली बत्तीस अंगठे.

विक्रांतने त्याखाली लिहिलं: 'ते प्रकरण म्हणजे माझा भाचा वेद. तो डिटेन्शनमध्ये आहे. चूक त्याची नाही, माझी आहे. त्याला आलेली सरकारी पत्रं माझ्या मेलबॉक्समध्ये चार-पाच महिने न उघडता पडली होती. त्याला मी बेजबाबदार म्हणालो. मी उद्या त्याच्या हमीवर सही करतोय. ज्यांना लाज वाटते त्यांनी माझ्या घरी येऊ नये.'

आणि पाठवून दिलं!

मग त्याने विनीताला फोन लावला. पहिलं वाक्य बोलायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढा सही करायलाही लागला नाही.

एकोणिसाव्या दिवशी वेद सुटला. गेटबाहेर लाडवांचा डबा घेऊन मंजिरी उभी होती. त्याने तीन लाडू उभ्याउभ्याच खाल्ले.

अपिलाचा निकाल लागायला आणखी चौदा महिने गेले. मामाने लिहून दिलेली कबुली त्यात कामी आली, व्हिसा परत मिळाला. वेदने शिक्षण पुरं केलं. आता तो पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करतो, आणि आपली पत्रं आपण उघडतो. विनीता भावाशी सहा महिने बोलली नाही. तिचा राग रास्तच होता. पुढच्या निवडणुकीत विक्रांतला अध्यक्षपद मिळालं नाही. आता दर फेब्रुवारीला, इथलं कॉलेजचं वर्ष सुरू होताना, नव्या विद्यार्थ्यांना तो घरी जेवायला बोलावतो आणि वाढण्याआधी प्रत्येकाला स्वतःच्या फोनवर स्वतःचं खातं उघडून दाखवायला लावतो. त्याच्या आईचा व्हिसा यथावकाश आला. कुणी काही विचारलं नाही. चारुता युनिव्हर्सिटीत कायदा शिकते. हेमचंद्र ग्रुपवर अजून नियम सांगतो. पण गेल्या वर्षी त्याच्या मेहुणीच्या मुलावर अशीच वेळ आली, तेव्हा त्याने पहिला फोन विक्रांतला केला. विक्रांत गेला.

शांतामावशी गेल्या हिवाळ्यात गेल्या. वेद कालगुर्लीहून पर्थमार्गे विमानाने आला आणि त्यांना खांदा दिला. त्यांच्या कपाटात मारियाच्या सहीच्या कागदाची प्रत निघाली. पिठाचा ठसा तेवढा त्या प्रतीवर उमटला नव्हता.

परदेशात आपण भेटेल त्याला काका, मावशी म्हणतो. म्हणावंच. पण नातं हाक मारण्याने सिद्ध होत नाही. आपल्या माणसावर वेळ आली, त्याच्या नावापुढे आपलं नाव लिहायची पाळी आली, की ते सिद्ध होतं. आणि चूक आपलीच असेल, तर तीही त्याच शाईने लिहावी.