वेळच तपासा

मित्रांनो, मी एक जुना टी-शर्ट आहे. म्हणजे होतो. सध्या मी बादलीच्या काठावर वाळत पडलेलं फडकं आहे. एकेकाळी माझा रंग गुलाबी होता. आता त्याला काय म्हणावं ते मलाही कळत नाही. दमलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मी नऊशे भावंडांमध्ये जन्मलो. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी जमवायला पाच किलोमीटरची पदयात्रा होती. तिच्यासाठी आमच्या छातीवर ‘वेळीच तपासा’ असं छापायचं होतं. छपाईवाला घाईत होता. त्याने दुसरी वेलांटी खाल्ली. नऊशे छात्यांवर उमटलं, ‘वेळच तपासा’.

आम्ही तिघे एका घरात आलो. एक वहिनीला, एक तिच्या नवऱ्याला, एक नणंदेला. नणंद प्रूफं तपासायची, म्हणून घरात तिचं नाव वेलांटी आत्या. दोन वर्षांपूर्वी ती याच आजारातून उठली होती. पदयात्रेची हौस मात्र वहिनीची.

आत्याने चष्मा लावला. “वहिनी, हा शर्ट आपल्याला घड्याळ बघायला सांगतोय.”

“असू दे हो वन्सं. आपल्याला चालायचंय, वाचायचं थोडंच आहे?”

मी वहिनीच्या वाट्याला आलो. नवा कपडा अंगाला बसावा म्हणून ती मला आठवडाभर घरीच घालत होती. रोज अंगात चढवताना तिची बोटं डाव्या काखेखाली जायची, एका जागी थांबायची आणि चोरासारखी परत यायची. तिथे वाटाण्याएवढी गाठ होती. आरशाला ती सांगायची, “एवढी चाल आटपू दे, मग बघू.” मित्रांनो, सल्ला माझ्या छातीवर छापला होता, तोही चुकीचा, आणि मला तोंड नव्हतं.

पदयात्रेच्या दिवशी पाहुण्यांनी फीत कापली, चालण्याचं महत्त्व सांगितलं आणि ते गाडीत बसून गेले. आम्ही चाललो. रस्त्याकडेची माणसं आमची छाती वाचून विचारायची, “किती वाजले हो?” वहिनीचा नवरा प्रत्येकाला घड्याळ बघून वेळ सांगायचा, सेकंदांसकट. तिसऱ्या किलोमीटरला त्याचा घसा बसला.

चौथ्याला वहिनी बुटाची नाडी बांधायला फुटपाथच्या काठावर बसली. नाडी बांधून झाली आणि तिचा हात सवयीने काखेखाली गेला. आत्याने ते पाहिलं. तोच हात, तीच जागा. तिने स्वतः आठ महिने हेच केलं होतं. ती शेजारी बसली.

“वहिनी, किती वाजले?”

“आता तुम्हीही सुरू झालात?”

“किती वाजले, विचारतेय मी.”

वहिनीने घड्याळाकडे पाहिलंच नाही. म्हणाली, “दीड महिना.”

त्या दोघींनी चाल पुरी केली नाही. नवरा पाण्याच्या चार बाटल्या सांभाळत एकटाच पोहोचला, त्याच्या गळ्यात पदक पडलं, आणि मग त्याला कळलं की बायको आणि बहीण दोघी गायब आहेत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पहिला नंबर आमचा होता.

गाठ वाईट जातीची निघाली, पण लहान होती. शस्त्रक्रिया झाली, वर्षभर उपचार झाले. प्रत्येक खेपेला वहिनी मलाच घालून जायची आणि घरी आली की मी घामासकट धुतला जायचो. त्या वर्षात ती थकली, मीही विरलो. एकदा तिला झोप लागली असताना आत्याने मला मांडीवर घेतलं आणि लाल दोऱ्याने माझ्यावर दुसरी वेलांटी भरली.

वहिनी जागी झाली. “आता कशाला? जन्म गेला त्याचा.”

“छापून झाल्यावर सुधारता येते अशी चूक कधीतरीच मिळते,” आत्या म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

वहिनी आता बरी आहे. मी तिचा ओटा पुसतो. माझी छापील अक्षरं कधीच निघून गेली. वेलांटी तेवढी राहिली आहे. पुसता पुसता वहिनीचं बोट तिच्यावर अडकतं.

मित्रांनो, मला रोज नीट पिळून उन्हात टाकलंत तर उपकार होतील, नाहीतर वास येतो. आणखी एक. तुमच्या घरात सगळ्यांच्या औषधांची आठवण ठेवणारी आणि स्वतःला ‘मग बघू’वर ठेवणारी कोणी असेल, तर तिला विचारा, किती वाजले. ती घड्याळाकडे बघायला लागली, तर पुन्हा विचारा.