फेसनळी

आज सांडलं की नाही, हे विमलबाईला अंथरुणातच कळायचं. सांडलं असेल तर बाहेरच्या खोलीतून वास यायचा. नासलेल्या अंड्याचा म्हणावा तर तसा नाही, तुंबलेल्या मोरीचा म्हणावा तर तसाही नाही. दोन्ही एकत्र करून त्यात मासळीचं धुवण ओतल्यासारखा. मग ती पदर नाकाला लावायची, बादली आणि पोतेरं घ्यायची आणि तोंड धुण्याआधी फरशी पुसायला बसायची. ते पाणी चहाच्या रंगाचं होतं. तिचा सकाळचा चहा त्यापायीच सुटला.

ही सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. तिचे यजमान उत्तमराव बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बुलढाण्याला रेल्वेसुद्धा नाही, समुद्र तर नकाशातच. पण उत्तमराव एकदा कसल्याशा शिबिरासाठी मुंबईला गेले आणि समुद्रातले मासे घरात पाळायचं वेड घेऊन आले. कॉलेजातल्या अॅसिडच्या रिकाम्या, फुगीर बाटल्या नेऊन त्यांनी त्यांत समुद्राचं पाणी भरून आणलं. मलकापूरपर्यंत रेल्वेनं, पुढं एसटीच्या टपावर. ते पाणी साठवायला मागच्या पडवीत गुडघाभर उंचीची सिमेंटची टाकी बांधली, वर लाकडी झाकण. बाहेरच्या खोलीत काचेची पेटी आली. तिच्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, शंखात राहणारा एक खेकडा आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. बघायला येणारे तोंडात बोट घालायचे. ती पेटी कोण पुसतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पेटीत एका कोपऱ्यात उत्तमरावांनी स्वतः बनवलेली फेसनळी होती. कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र बघून त्यांनी ती जोडली होती. काचेची उभी जाड नळी, तळाशी लाकडाचा सच्छिद्र ठोकळा, त्यातून विजेच्या पंपानं हवा सोडायची. बारीक बारीक बुडबुडे वर चढताना पाण्यातली बुळबुळीत घाण सोबत घेऊन येत, तिचा फेस होई, आणि तो फेस नळीच्या तोंडावर बसवलेल्या वाटीत साचून त्याचं काळपट पाणी होई. उत्तमराव ती वाटी कौतुकानं उजेडात धरायचे.

"हे पाह्य. एवढी घान पान्यातून भाईर आली," ते म्हणायचे. "माशाइचं पानी कसं स्वच्छ राह्यलं."

घाण पाण्यातून बाहेर आली ती आपल्या घरात आली, असं विमलबाईच्या मनात यायचं. वाटी रिकामी करायचं काम तिच्याकडेच होतं. तिचं माहेर साखरखेर्ड्याचं, भाजीपाला करणाऱ्यांचं. वडिलांच्या गळ्यात माळ. सुकटीचा वाससुद्धा त्या घरानं कधी घेतला नव्हता. ती हात लांब करून, मान फिरवून वाटी मोरीत उपडी करायची. वाटीच्या कडेला शेंबडासारखा थर असायचा, तो राखेनं घासावा लागे. घासून झाल्यावर हात कितीदा धुतले तरी भाकरी थापताना नखांतून तो वास यायचा, आणि मग भाकरी ती नवऱ्याला वाढायची, आपण कण्या शिजवून चमच्यानं खायची.

दिवाळीनंतर सासरे, अर्जुनराव, मेहकरजवळच्या गावाहून राहायला आले. सासूबाई गेल्यापासून ते कधी थोरल्याकडे, कधी इथं असे राहत. पाऊणशे वर्षांचा ताठ माणूस. फेटा नीट बांधलेला, धोतर पांढरंशुभ्र, आणि पायांत मोजे. मोजे मात्र ते झोपतानाही काढत नसत. म्हातारपणी थंडी जास्त वाजते, असं विमलबाईनं धरून घेतलं.

त्याच सुमाराला फेसनळी उतू जायला लागली.

आधी वाटी भरायला चार-पाच दिवस लागत. आता रात्रीतून भरून वाहायची. फेस वाटीच्या कडेवरून काचेवर, काचेवरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर. एकदा तो कोपऱ्यात ठेवलेल्या गव्हाच्या पोत्यापर्यंत गेला. पोतं उचललं तर खालचे गहू फुगून चिकट झालेले. विमलबाईनं ते उकिरड्यावर नेऊन टाकले आणि तिथंच बाजूला बसून ओकली.

उत्तमरावांनी उपाय केले, नाही असं नाही. पेटीतलं पाणी वर चढलं की फेसही वर चढतो, म्हणून त्यांनी काचेवर दोरा बांधून पाण्याची खूण केली आणि त्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. हवेच्या नळीला प्रयोगशाळेतला स्क्रूचा चिमटा लावून हवा कमी केली. वीज जाऊन परत आली की बुडबुडे एकदम उसळतात, म्हणून वीज गेल्याबरोबर तो चिमटा आवळायचा हुकूम विमलबाईला दिला. शेवटी वाटीला भोक पाडून रबरी नळी बसवली आणि ती टेबलाखालच्या बाटलीत सोडली, म्हणजे भरलीच तर घाण बाटलीत जावी. प्रत्येक उपायानं थोडे दिवस बरं वाटायचं. मग रविवार यायचा. रविवारी उत्तमराव पेटीतलं थोडं जुनं पाणी काढून टाकत आणि पडवीतल्या टाकीतलं नवं पाणी घालत. घालण्याआधी टाकीत बोट बुडवून ते जिभेला लावत. खारटपणा बरोबर आहे की नाही हे आपल्याला जिभेवर कळतं, असा त्यांचा दावा होता. आणि सोमवारी उजाडताना फेस दूध उतू जावं तसा वर आलेला असायचा. बाटली भरलेली, रबरी नळी उडालेली, फरशीवर ओघळ.

अशाच एका सोमवारी शेजारच्या वकिलांच्या रुक्मिणीबाई बसायला आल्या. विमलबाईनं फरशी पुसली होती, पण टेबलामागून आलेला एक ओघळ तिला दिसला नाही. रुक्मिणीबाईंच्या पातळाचा काठ त्यात भिजला. त्यांनी काठ उचलून बघितला, हुंगला, आणि चहा न घेताच उठल्या.

संध्याकाळी उत्तमराव आले तेव्हा त्यांना रुक्मिणीबाईंचं काही वाटलं नाही. दोन केशरी माशांपैकी धाकटा पेटीच्या तळाशी आडवा पडला होता, ते बघून मात्र ते लाल झाले. साबण पाण्यात गेल्याशिवाय एवढा फेस येऊच शकत नाही, असं ते म्हणाले. आणि मग, वडील शेजारच्या खोलीत ऐकत असताना, म्हणाले, "तुयाच हाताले साबन असते. धुनं टाकून तशीच येतं आन् पेटीत हात घालतं."

"मी?" विमलबाई म्हणाली. "त्या पान्यात मी हात घालीन? मले तं तिकडं पाहूनच मळमळते."

"मंग कोन घालते? मासे आपल्या हातानं साबन लावून राह्यले काय?"

शेजारच्या खोलीत अर्जुनराव खाकरले. विमलबाईनं मेलेला मासा पळीनं काढून कागदात गुंडाळला. नवरा जेवला. ती जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती दळण घेऊन गिरणीवर गेली, तर वीज नव्हती. ती डबा गिरणीवरच ठेवून मागच्या बोळातून परत आली. पडवीचं दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं आणि ती उंबऱ्यावरच थांबली.

अर्जुनराव लाकडी स्टुलावर बसले होते. टाकीचं झाकण भिंतीला टेकवलेलं. मोजे बाजूला काढून ठेवलेले, ते आतून पिवळे आणि कडक. एक पाय टाकीच्या पाण्यात होता, दुसऱ्याला ते लाल साबण चोळत होते. मग तो पायही त्यांनी पाण्यात सोडला आणि पहिला वर घेऊन वजरीनं घासू लागले. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी जाड, काळी, भेगाळलेली. भेगांतून पाणी सुटत होतं. घासल्यावर पांढरे पापुद्रे निघून पाण्यावर पडत होते. साबणाच्या तवंगात ते पापुद्रे हळूहळू फिरत होते.

विमलबाईला रविवार आठवला, उत्तमरावांचं बोट आठवलं, आणि जिभेला लावून समाधानानं हललेली त्यांची मान. ती तशीच मागे वळली, बोळात गेली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली.

रात्रीची जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. खरं म्हणजे तिला ते जेवणाआधीच सांगायचं होतं. हळू आवाजात, काही न गाळता सांगितलं. मोजे, साबण, पापुद्रे. आणि शेवटी म्हणाली, "तुमी चाखून पाह्यता ना, तेच पानी."

उत्तमरावांचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा. ते मोरीकडे धावले. बराच वेळ चुळा भरण्याचा आवाज येत राहिला. विमलबाई तो आवाज ऐकत बसली. आत कुठंतरी तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही तिला किळस आली.

ते परत आले ते उपरण्यानं जीभ पुसत. आपण तिच्यावर उगाच आळ घेतला, असं ते म्हणतील म्हणून ती थांबली. ते म्हणाले, "तूच सांग त्याइले. बापाले मी कसं सांगू? त्याइले लाज वाटीन."

"आन् मले सांगाले नाई वाटनार?"

"तू बाई मानूस. तुले जमते."

बायकोला घरभर ऐकू जाईल असं बोलताना या माणसाची जीभ अडखळली नव्हती. विमलबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. फेस पुसताना जे वाटायचं तेच तिला वाटलं. फक्त हे पोतेऱ्यानं उचलण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव कॉलेजात गेल्यावर ती अर्जुनरावांपुढं जाऊन बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "टाकीतल्या पान्यात पाय घालत नका जाऊ. ते पानी माशाइच्या पेटीत जाते. साबनानं फेस होते आन् घरभर सांडते."

अर्जुनरावांनी खाली बघतच सांगितलं की पायाला दोन वर्षं झाली. लोणारच्या खाऱ्या पाण्यात पाय बुडवले की खाज मरते असं गावात कुणी म्हणालं होतं. पण लोणारला नेणार कोण, आणि चारचौघांत पाय उघडे कसे करायचे? इथं घरातच खारं पाणी दिसलं.

"पोरगा माशाइचं पानी दर आठवड्याले बदलते," ते म्हणाले. "मले वाटलं, त्यातलं थोडं आपल्याले. त्या दिवशी तो तुले बोलला तवा मी सांगाले पायजे होतं. नाई झालं माह्याच्यानं."

"दाखवा पाय," विमलबाई म्हणाली.

त्यांनी मोजे काढले. वास आला. तिनं पदर नाकाकडे नेला आणि अर्ध्यातच सोडून दिला. तिच्या मनात माया वगैरे काही दाटून आली नाही. तिला ओकारी येत होती, आणि तरी ती बघत राहिली, कारण बघितल्याशिवाय डॉक्टरला काय सांगणार? त्याच दिवशी टांग्यानं ती त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी साबण बंद केला, मोजे जाळायला सांगितले, जांभळ्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला आणि वरून मलम लावायला सांगितलं. घरी आल्यावर तिनं एक जुनं घमेलं त्यांच्यापुरतं वेगळं काढलं. औषधाचं पाणी ती लांबूनच ओतायची, मलम ते स्वतः लावायचे. हात लावणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा केली नाही.

टाकीतलं सगळं पाणी उत्तमरावांनी परसात उपसून टाकलं. ज्या पेरूच्या झाडाच्या बुडाशी ते टाकलं, ते झाड पुढं वाळलं. पेटीला नवं पाणी मिळालं नाही, पण फेसनळीनं हळूहळू उरलासुरला साबण ओढून काढला, आणि फेस बसला. वाटी पुन्हा चार-पाच दिवसांनी अर्धी भरू लागली. विमलबाईनं मात्र ती धुणं बंद केलं. नवऱ्याला तसं एकदाच सांगितलं. पहिल्या दिवशी उत्तमराव वाटी घेऊन मोरीवर बसले, राखेनं तो थर काढायला लागले आणि वाटी तिथंच टाकून बाहेर आले. चेहऱ्यावर घाम होता. एवढं घाण असतं हे माहीत नव्हतं, असं काहीसं ते पुटपुटले. विमलबाईनं भाजी चिरता चिरता मान वर केली नाही. थोड्या वेळानं ते परत आत गेले.

थंडी सरेपर्यंत अर्जुनरावांचे पाय सुकले. कातडी काळीच राहिली, पण भेगा मिटल्या. ते अनवाणी अंगणात फिरू लागले.

मग उत्तमराव सुटीत मुंबईला जाऊन नवं पाणी घेऊन आले. टाकी भरली, झाकण बसवलं, आणि झाकणाला कडीकोयंडा ठोकून कुलूप लावलं. वडिलांशी एका शब्दानं न बोलता. विमलबाईला ते दिसलं तोवर अर्जुनरावांनाही दिसलं होतं. ते पडवीत उभे राहून त्या कुलपाकडे बघत होते, हात मागे बांधून.

तिनं नवऱ्याला कुलूप काढायला सांगितलं. मांजर झाकण पाडतं म्हणून लावलं, असं ते म्हणाले. घरात मांजर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनरावांनी फेटा बांधला, पिशवी भरली. "बाई, पायाले आता आराम हाय," ते म्हणाले. "थोरल्याकडं जातो. गव्हाचं काम निंगालं असन." ती त्यांना मेहकरच्या एसटीपर्यंत पोचवायला गेली. गाडी सुटेस्तोवर ते खिडकीतून दुसरीकडेच बघत होते. सुटली तेव्हा त्यांनी हात जोडले. सासऱ्यानं सुनेला हात जोडणं तिला सोसवलं नाही. तिनं मान वळवली.

घरी आली तर उत्तमराव पेटीपुढं उकिडवे बसले होते. कालच नवं पाणी घातलं होतं. फरशी कोरडी ठणठणीत, बाटली रिकामी, वाटीत बोटभर फेस.

"एक थेंब सांडला नाई," ते म्हणाले. "जमलं मले."

बाबा गाडीत नीट बसले का, असं त्यांनी विचारलं नाही. विमलबाईनं त्यांचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि ते जेवायला बसल्यावर स्वयंपाकघरातून उठून मागच्या अंगणात जाऊन बसली. त्यांच्या चावण्याचा आवाज तिला तिथंही ऐकू येत होता.