तिहोमिरच्या ई-सिगारेटमधला डाख

तिहोमिरने रुमालात गुंडाळलेली ई-सिगारेट माझ्या टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणला.

"रादिसाव, यात कोणीतरी हात घातलाय. उघडून बघ."

आम्ही दोघं सर्बियातल्या निश शहरात एकाच गल्लीत वाढलो. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, तो टॅक्सी कंपनीत फोनवर बसून गाड्या पाठवतो. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर त्याने सिगारेट सोडून हे यंत्र धरलं. याला बॅटरी नाही. वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीत खुपसायची आणि झुरका घ्यायचा. गेले तीन आठवडे ते नुसतं तापत होतं, वाफ नावालाच.

"हे स्लावित्साचं काम. शिफ्ट बदलली की त्याच खुर्चीत ती बसते. वासाने तिचं डोकं उठतं म्हणे. काल सगळ्या ड्रायव्हरांसमोर विचारलं तिला. म्हणते, तुझ्या तोंडातली वस्तू मी चिमट्यानेही उचलणार नाही. एवढी भडकली, म्हणजे तीच!"

मी नळी उघडली. आत वायर कापून मध्ये इवलासा रेझिस्टर बसवलेला. त्याने वीज अडवली होती.

"बघ! सांगत नव्हतो?"

पण मी भिंग लावलं. वायरला दीड वेढा देऊन मग वितळलेल्या कथलाचा डाख लावला होता, तोही साबुदाण्याएवढा गोल आणि चकचकीत. असा डाख आमच्या बंद पडलेल्या रेडिओ कारखान्यातल्या बायका देत. मी तिथे तपासनीस होतो. स्लावित्साने टॅक्सी कंपनीत येईपर्यंत जन्मभर केस कापले. आणि तिहोमिरची बायको देसांका एकोणीस वर्षं त्या कारखान्यात होती.

"घरी याला कोण हात लावतं?"

"देसांकाचं नाव घेऊ नकोस हं."

"मी कुठे घेतलं?"

त्याने भिंग ओढून घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग तिथूनच बायकोला फोन लावला.

"यात तू काही घातलंस?"

पलीकडून मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने, "तीन आठवडे लागले कळायला? डॉक्टर म्हणाले कमी कर, तू तर दिवसभर ओढायला लागलास. तोंडाने सांगून कधी ऐकलंयस माझं?"

त्याने फोन ठेवला.

"आणखी कशाकशात हात घालत असेल रे ही? माझ्या गोळ्या तीच काढून देते."

"तिहोमिर, पुरे. आधी स्लावित्साचं बघ."

त्याने रेझिस्टर काढायला लावला. मी वायर सरळ जोडून दिली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना, ती समोर उभी असताना, त्याने वायरलेसवरून सगळ्या गाड्यांना सांगितलं, "स्लावित्साने काही केलेलं नाही. मी चुकलो." तिने मान हलवली, पण त्याने पुढे केलेला हात घेतला नाही.

ड्रायव्हर सांगतात, आता घरी जायच्या आधी ती आपली पर्स त्याच्यासमोर उपडी करते.

"नीट बघून घे," म्हणते, आणि तो खाली घातलेली मान वर करेपर्यंत हलत नाही.