हातापासून सुरू कर

निपाणीच्या बसस्टँडमागं सूरजचं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं त्याच्या कॉम्प्युटरमधून गेलेली. नवरीच्या गालावरचा मुरूम घालवायचा, मामाचं पोट आत घ्यायचं, तर सूरजनंच. पण त्या दुपारी तो चार तास एका फोटोपुढं मेटाकुटीला आला होता, आणि फोटो त्याच्या आईचा होता.

जयाबाईला जाऊन दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. तिनं जन्मभर बिड्या वळल्या. वर्षश्राद्धाला तिच्याबरोबरच्या बायका जेवायला यायच्या होत्या, त्यांना दाखवायला दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. सूरजचे वडील मष्णूआप्पा लेकाकडं कधी काही मागणारे नव्हेत. या वेळी त्यांनी मागितलं.

"हातापास्नं सुरू कर," ते म्हणाले होते. "मग हळूहळू तोंडाकडं ने. बघायला गेलतो तवा ती मान खाली घालून बिड्या वळत बसलीवती. तोंड काय दिसलंच न्हाय. हातच बघितलं, आन् पसंत हाय म्हणून सांगून आलो."

एवढी साधी मागणी. घरी भिंतीवर लावलेला तिचा एकच मोठा फोटो, त्याची फाइल दुकानातच होती. सूरजनं ती घेतली, मांडीवरच्या हातांवर सुरुवात धरली आणि सावकाश वर चेहऱ्याकडं नेली. तर साडी वळवळायला लागली! साडीच्या बारीक चौकड्या मुंग्यांची रांग विस्कटावी तशा पडद्यावर लुकलुकत पळू लागल्या. फोटो जागच्या जागी असला की शांत, जरा हलवला की ही तऱ्हा. त्यानं वेग कमी केला, जास्त केला, फोटो लहान करून बघितला. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यानं चेहरा आणि हात तेवढे वगळले आणि साडीवर अगदी थोडा ब्लर दिला. लुकलुक थांबली. सूरज स्वतःवरच खूश झाला.

चौकड्या जागेवर बसल्या, आणि मग त्याचं लक्ष हातांवर गेलं.

गोरे, गुळगुळीत हात. बोटात लाल खड्याची अंगठी. जयाबाईच्या बोटांना तंबाखूचा काळपट पिवळा रंग मुरलेला होता आणि बिडीची तोंडं मुडपून मुडपून उजव्या अंगठ्याचं नख झिजलेलं होतं. हे हात आईचे नव्हतेच. हे त्याचंच काम होतं. माणूस गेलं की घाईनं फोटो लागतो, आणि धड फोटो कुणाचाच नसतो. म्हणून प्रत्येक स्टुडिओत तयार अंगांचं एक फोल्डर असतं: कोट घातलेले पुरुष, रेशमी साडीतल्या बायका. चेहरा तेवढा बसवायचा. मावसभावाच्या लग्नातल्या फोटोतून त्यानं आईचा चेहरा कापला होता आणि 'सिल्क साडी ७' वर लावला होता. आईला जन्मात मिळाली नाही तेवढी भारी साडी नेसवली, म्हणून तेव्हा त्याला बरंसुद्धा वाटलं होतं. भिंतीवर हार घातला, हारानं हात झाकले, वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

त्यानं मूळ फोटो धुंडाळला, पण तो कॉम्प्युटरवर उरला नव्हता. नव्या सीझनला जुनी लग्नं पुसायची, ही त्याच्याच दुकानाची रीत. मावसभावाला फोन करून अल्बमची पानं मागवली. आई मागच्या रांगेत होती. हात पुढच्या माणसांच्या आड.

तेवढ्यात आप्पा आले. बरोबर राजाबाई, जयाबाईशेजारी बसून बिड्या वळणारी.

"झालं का रं? दाव की."

सूरजला नाही म्हणवेना. त्यानं व्हिडिओ लावला. आप्पा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हे हात कुणाचे?"

"ठावं न्हाय, आप्पा." साडीच्या वळवळण्यापासून त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला आपल्या धंद्याची शिसारी आली.

राजाबाईनं पदराला हात पुसले आणि पुढं केले. तसाच काळपट पिवळा रंग, तसंच झिजलेलं नख. "माझं हात घे लेकरा. फोटो काढून लाव. जयाचं आन् माझं काय येगळं हाईत?"

सूरजनं कॅमेरा उचललासुद्धा. आप्पा त्या हातांकडं बघत होते, आणि ते आता हो म्हणतील असं त्याला वाटलं.

"नको राजाबाई," आप्पा म्हणाले. "उद्या तुमच्याच बायका बसणार बघायला. तुझं हात त्या वळखतील." मग हळूच म्हणाले, "आन् मीबी वळखंन की."

तीस वर्षं हा माणूस त्या हातची भाकरी जेवला होता, आणि कॅमेऱ्यावर पोट भरणाऱ्या लेकानं त्या हातांचा एक फोटो ठेवला नव्हता.

"तोंडापास्नंच सुरू कर," आप्पा म्हणाले.

सूरजनं पहिलं मिनिट कापून टाकलं. चेहरा तेवढा उरला, पडदाभर ताणलेला, ओळखू येण्यापुरता.

"आता हलत न्हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय, आप्पा. आता काय बी हलत न्हाय."

आप्पांनी मान हलवली आणि ते राजाबाईच्या मागोमाग दुकानाच्या पायऱ्या उतरले.