चाळीस तासांची नात

दीपाला या सौद्यात काय मिळणार होतं, ते सरळ होतं. सप्टेंबरात अमेरिकेतल्या नोव्हाय गावी तिच्या हायस्कूलच्या ऑनर सोसायटीत, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या मंडळात, तिची निवड झाली होती. मार्क उत्तम, खरेपणाची शपथ घेऊन झालेली, स्टेजवर मेणबत्ती लावून झालेली. आता सभासदत्व टिकवायचं तर मार्चअखेर चाळीस तास सेवा करायची, आणि ती फुकट. केली की पुढल्या वर्षी कॉलेजच्या अर्जात एक वजनदार ओळ, आणि शाळा सोडताना गळ्यात सोनेरी पट्टा.

गिरजाबाईंना मिळणार होत्या मंगळवार आणि गुरुवारच्या दुपारी. कागदावर हा सौदा दीपाच्या फायद्याचा दिसत होता. गिरजाबाईंना मात्र आपण तिला चक्क लुटतोय असं वाटत होतं.

बार्शीहून मुलाकडे आल्यापासूनचा हा त्यांचा दुसरा हिवाळा, शहाऐंशी सालचा. अनिल मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, सून प्रतिमा बँकेत. दोघं सकाळी गॅरेजचं दार वर करून जायची आणि अंधार पडल्यावर परत यायची. मधल्या वेळात घरात बोलणारा एकटा टीव्ही, आणि तोही इंग्रजीत. खिडकीतून बर्फ दिसे, बर्फापलीकडे दुसरं गॅरेज दिसे. माणूस दिसलंच तर ते पोस्टाचं, आणि तेही गाडीतून उतरत नसे.

दीपाची आई सुलेखा दोन गल्ल्या पलीकडे राहायची. 'म्हाताऱ्यांना सोबत' हे सोसायटीत सेवा म्हणून चालतं, हे तिनेच शोधून काढलं. आपल्याला परस्पर म्हाताऱ्यांत बसवल्याचा गिरजाबाईंना राग आला. पण फायदा मोठा होता, म्हणून त्यांनी तो गिळला.

पोरगी इथेच जन्मलेली. मराठी तिला कळायची सगळी, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर इंग्रजीचा हात धरायची. दोघी भिकार-सावकार खेळायच्या.

"आजी, यू चीटेड! खालचं पान वर कसं आलं?"

"चुकून आलं."

"तीन वेळा?"

"हात थरथरतो गं. म्हातारी आहे ना मी, तुमच्या सोसायटीत?"

दीपा खो खो हसायची. मग टीव्हीवरची मालिका. एक अक्षर न कळता गिरजाबाई सांगायच्या, "हा निळ्या कोटातला बायकोला फसवतोय बघ," आणि पुढच्या गुरुवारी तो फसवताना सापडायचा.

संक्रांतीला गिरजाबाईंनी हळदीकुंकू लावून दीपाच्या हातावर चांदीचा छोटा करंडा ठेवला. दीपा दचकली.

"नो नो, आजी. काही घेतलं तर माझे अवर्स कॅन्सल होतात. रूल आहे."

"अगं, हे काय बक्षीस आहे? वाण आहे. वाणाला नाही म्हणत नाहीत."

दीपाने बराच वेळ विचार केला. बक्षीस आणि वाण यांत फरक असणार, नाहीतर आजी एवढी ठाम कशी? तिने करंडा खिशात टाकला. गिरजाबाईंनी मात्र नियम नीट ऐकून ठेवला होता. त्या वेळी त्यांच्या मनात काही नव्हतं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

मनात आलं ते मार्चमध्ये. पोरगी पत्ते पिसता पिसता म्हणाली, "नेक्स्ट वीक डन, आजी! सगळे अवर्स पूर्ण."

"मग?"

"मग ट्रॅक प्रॅक्टिस सुरू, रनिंगची. पण मी येईन ना कधीतरी."

कधीतरी म्हणजे काय, ते गिरजाबाईंना मुलाकडून चांगलं ठाऊक झालं होतं. त्या हिशेब करू लागल्या. शिवण उसवली तर ती त्याच कापडावर पुन्हा घालतात. बार्शीच्या शाळेत गणित चुकलं तर तेच गणित, त्याच पाटीवर, पुन्हा. तास रद्द झाले तर पोरगी ते कुठे भरणार? इथेच. चाळीस तास म्हणजे पार उन्हाळ्यापर्यंतची सोय.

शेवटच्या गुरुवारी सोसायटीच्या बाई, मिसेस केलर, खात्री करायला घरी आल्या. गिरजाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, बाईंना मराठी, म्हणून दुभाषी दीपाच. सगळं छान चाललं होतं. बाईंनी चहाही घेतला. मग त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय?

"सांग त्यांना," गिरजाबाई म्हणाल्या, "मी तुला चांदीचा करंडा दिला. चांदीचा, म्हणावं."

दीपाने फक्त एवढंच म्हटलं असतं, की आजी थँक यू म्हणतेय, तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं?

गिरजाबाईंना क्षणभर वाटलं, म्हणावं तिने तसंच. सुटेल बिचारी.

पण दीपाने शपथ घेतली होती. तिने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. वाण म्हणजे काय तेही समजावून पाहिलं. मिसेस केलर हळहळल्या, तिच्या खरेपणाचं कौतुक केलं आणि तास रद्द केले. मे अखेरची मुदत दिली. मात्र पुन्हा इथे नाही. सगळे तास वृद्धाश्रमात, तिथल्या नर्सच्या देखरेखीखाली. दीपाने हे खाली मान घालून मराठीत सांगितलं.

"इथे नाही?" गिरजाबाईंनी दोनदा विचारलं.

रविवारी दीपा आली, तीही आईच्या गाडीतून, दहा मिनिटांसाठी. करंडा तिने टेबलावर ठेवला.

"सॉरी, आजी. माय फॉल्ट. मी तुला रूल नीट एक्स्प्लेन नाही केला."

नीटच सांगितला होतास गं, असं गिरजाबाईंच्या ओठांवर आलं. पण ते बोलायचं तर पुढचंही बोलावं लागलं असतं, आणि दारात सुलेखा उभी होती. "असू दे हो," सुलेखा म्हणाली, "तुम्हाला बिचाऱ्यांना काय ठाऊक!" प्रतिमानेही मान डोलावली. गिरजाबाई नियम न कळणारी म्हातारी होऊन बसून राहिल्या. पोरीला खाऊ द्यायलासुद्धा त्यांचा हात पुढे झाला नाही.

तर कुणी काय भरलं? मिसेस केलरनी काहीच नाही, त्यांना उलट एक खरं बोलणारी मुलगी मिळाली. सोसायटीनेही नाही, तिचा नियम शाबूत राहिला. दीपाने चाळीस तास दोनदा भरले, ट्रॅकचा अख्खा हंगाम त्यापायी गमावला, आणि न केलेल्या चुकीची माफीही वर भरली. गिरजाबाईंचं एकरकमी भागलं नाही. त्या अजून भरताहेत, आठवड्याला दोन दुपारी.