दिव्याआडची चादर

सासऱ्यांनी कोरडी ठणठणीत चादर बादलीत बुचकळली, पिळली आणि गच्चीच्या दोरीवर पसरली, नेमकी नव्या दिव्याच्या सौर पॅनलसमोर. रोज तीच चादर कोण धुतं? पण विचारणार कोण!

गल्लीत दिवा लागला तसे सगळे खूश झाले. यांचाच जीव थाऱ्यावर नव्हता. इतकी वर्षं सून कामावरून यायच्या वेळी ते टॉर्च घेऊन बसथांब्यावर जायचे. अंधारात शेजारी चालताना ती घडाघडा बोलायची. लॅबमधल्या गमती, साहेबाची चिडचिड, नोकरीसाठी लांब राहिलेल्या नवऱ्यावरचा राग, सगळं. घरात पाऊल टाकलं की संपलं. मग "वाढू का?" आणि "वाढ," एवढंच. दिवा आला आणि सून म्हणाली, आता कशाला उगाच तंगडतोड करता? बिचारी काळजीनेच म्हणाली, पण यांची टॉर्च कपाटात गेली.

चादरीने काम चोख केलं. दिवा जेमतेम मिणमिणायचा आणि मान टाकायचा. टॉर्च पुन्हा बाहेर निघाली.

सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीवाला आला. सून दारात भाजी निवडत होती, तिच्यादेखतच तो म्हणाला,

"काका, ती चादर काढा. दिवसभर पॅनलवर सावली पडते, दिवा चार्ज होणार कसा?"

सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेने मान वर केली नाही. फक्त देठं ताटात आणि पानं कचऱ्यात टाकत राहिली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडला आणि गल्ली लख्ख उजळली. पोरं चेंडू घेऊन उतरली. एरवी दारं लावून घेणाऱ्या बायका पायऱ्यांवर गप्पा ठोकत बसल्या. बघून सासऱ्यांना बरं वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. त्यांनी टीव्ही लावला, बंद केला. चप्पल घातली, काढली.

सून एकटीच आली. डबा ठेवला, हातपाय धुतले. आता "वाढू का?" येणार म्हणून ते ताट घ्यायला उठले.

ती पुन्हा दारात जाऊन उभी होती.

"बाबा, चप्पल घाला."

"कुठे?"

"थांब्यापर्यंत. जाऊन परत येऊ. आजचं सांगायचं राहिलंय."

सवयीने त्यांनी टॉर्च उचलली आणि ओशाळून परत ठेवायला गेले.

"असू दे," ती म्हणाली. "घ्या बरोबर."